विषय: अनडू केल्यावर केवड्याचा करपा होतो, त्याबद्दल

प्रति,
उत्पादन प्रमुख आणि ग्राहक सेवा प्रमुख (दोघांनीही वाचावे, एकमेकांकडे ढकलू नये)

नमस्कार-चमत्कार कालच्या फोनवर पुरेसे झाले.

आमच्या नाशिकच्या ऑफिसात पाच मुली तुमच्या ॲपवर द्राक्षाच्या पानांच्या फोटोंचं लेबलिंग करतात. करपा, केवडा, भुरी अशा तीन रोगांचे तीन वर्ग. गेल्या आठवड्यात एकीच्या हातून केवड्याच्या तेलकट डागाभोवती टिंबं टाकून आखलेला पॉलिगॉन डिलीट झाला. तिने लगेच कंट्रोल-झेड दाबलं. आकार परत आला, टिंबं जागच्या जागी, रंगही तोच. ती पुढच्या पानाकडे गेली. वर्ग मात्र परत आलाच नव्हता. यादीतला पहिला वर्ग त्याला चिकटला होता आणि आमच्या यादीत पहिला येतो करपा. फाइल बंद करून पुन्हा उघडेपर्यंत रंगसुद्धा जुनाच दिसतो, म्हणजे समजायला वावच नाही. आम्हाला कळलं ते गिऱ्हाइकाने काम परत पाठवल्यावर. ३४० पानं पुन्हा तपासली, दोन रविवार गेले.

कारण तुम्हाला माहीत असणारच. डिलीट उलटवताना तुम्ही जुनी वस्तू परत ठेवत नाही, नवी तयार करता. आयडी नवा, गुणधर्म कोरे. म्हणूनच आणखी मागे गेलं की आधीच्या नोंदींना त्यांची वस्तू सापडत नाही आणि कंट्रोल-झेड मुकाट बसून राहतं. डिलीटच्या आधीची आणि अनडूनंतरची, अशा दोन्ही जेसन फाइली (लेबलं ज्यात साठतात त्या) सोबत जोडल्या आहेत. आयडी आणि वर्ग एवढंच ताडून बघा.

आता काल दुपारचा फोन. तुमच्या प्रतिनिधींनी आधी कॅशे क्लिअर करायला सांगितलं. केलं. मग कीबोर्ड बदलून बघायला सांगितलं. तोही बदलला, कारण मला वाद घालायचा नव्हता. मग मी म्हटलं, अनडूनंतर नुसतं झूम केलं तरी रीडूचं, म्हणजे अनडू केलेलं पुन्हा आणायचं, बटण करडं पडतं, त्याचं काय? त्यावर ते हसले. खरंच हसले, मी स्पीकरवर होते, पाचही मुलींनी ऐकलं. म्हणाले, "मॅडम, रीडू म्हणजे परत करायचं. मुलींना सांगा, परत काढा."

मला वाटलं, गंमत करताहेत. मी परत विचारलं. तर म्हणे, "तुमच्याकडे चुका जरा जास्त होतात का? इतरांना अनडू एवढं लागत नाही." ज्या मुलीने त्या दिवशी एकाच पानावर १८० टिंबं टाकली होती, ती समोर बसून ऐकत होती. तिने माउस खाली ठेवला आणि पाणी प्यायला उठून गेली. आणि शेवटी, मी अजून लाइनवर असताना, "आज आणखी काही मदत करू शकतो का?" आणखी! आधी कोणती केली होती?

तर ऐका. नवी कृती झाली की रीडूचा स्टॅक, म्हणजे साठवलेल्या पायऱ्यांची थप्पी, रिकामा करायचा, हा नियम बरोबरच आहे. पण झूम ही कृती नव्हे हो. चष्मा पुढे-मागे केला म्हणून कागदावरचं लिखाण बदलत नाही. माउसचं चाक चुकून जरा फिरलं की पुढचं सगळं पुसलं जातं. हे मी तीनदा कळवलं. तिन्ही तक्रारी 'सोडवली' म्हणून बंद झाल्या.

टिंब ओढण्याची तऱ्हा तर विचारू नका. माउस जितका सरकतो तितक्या नोंदी. तुमची मर्यादा ५० पायऱ्यांची, म्हणजे एक टिंब नीट ओढलं की सकाळपासूनचा इतिहास संपला. तुमचं ॲप क्यूटीवर (ॲप बनवायच्या तयार साच्यावर) आहे असं तुमच्याच माहितीच्या खिडकीत लिहिलंय. त्यातल्या क्यूअनडूकमांडमध्ये नोंदी एकत्र जोडणारं मर्जविथ कशासाठी असतं? माझ्या भाच्याने, जो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सांगितलं की दोन्ही कमांडना सारखा आयडी द्यायचा आणि जोडायच्या. तो तुमच्याकडे नोकरीला येणार नाही, पण फुकट शिकवायला तयार आहे. फोटोशॉपने १९९८ मध्ये पाचव्या आवृत्तीत हिस्टरी पॅलेट दिलं. तेव्हा ह्या मुलींचा जन्मही झाला नव्हता.

मला तीन गोष्टी लेखी हव्यात: डिलीट उलटवल्यावर वर्ग आणि आयडी जसाच्या तसा परत येईल, झूमने रीडू मरणार नाही, आणि हे कोणत्या तारखेच्या अपडेटमध्ये. झूमचं पुन्हा लिहिते, कारण तीनदा वाचून कळलेलं नाही: झूमने रीडू मरणार नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर परवान्याचं नूतनीकरण होणार नाही आणि उरलेल्या महिन्यांच्या पैशांसाठी ग्राहक आयोगाकडे जाईन. वाईट एवढ्याचंच वाटतं की दोन वर्षांपूर्वी हे ॲप मीच दोन संस्थांना सुचवलं होतं. त्यांनाही हे पत्र पाठवते आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की केवड्याचे फोटो ढिगाने येतील, तेव्हा ते काम ह्या अनडूच्या भरवशावर घेणार नाही.

फोन करू नका. लिहा.

ता. क. हे पत्र तुमच्या तक्रारीच्या फॉर्ममध्ये लिहिताना फोनवाला परिच्छेद चुकून उडाला. कंट्रोल-झेड दाबलं, स्वल्पविरामासकट परत आला. मग दोनदा झूम करून पाहिलं. रीडू चालू होतं.