साउंडवाल्या भाऊंना, हेडफोनच्या निमित्ताने

प्रिय भाऊ,
स. न. वि. वि.

तुमचं नाव या पत्रात घालत नाही. "नाव लिहाल तर लोकं दिवसभर हेडफोनच विचारून राहतील मला," असं तुम्हीच बजावलंय. नागपुरातल्या गाण्याच्या कार्यक्रमांत कन्सोलमागे बसणारे भाऊ, एवढी ओळख पुरे. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

सीताबर्डीच्या दुकानात माझ्यासाठी अख्खी दुपार घालवलीत त्याचे आभार तर आहेतच. पण त्याआधी फोनवर तुम्ही जो पहिला प्रश्न विचारला, त्याचे जास्त. मी विचारलं होतं, दहा हजारांच्या आत कुठला हेडफोन चांगला? हाच प्रश्न ज्याला विचारला त्याने तोवर एकेक मॉडेल सांगितलं होतं. तुम्ही उलट विचारलंत, "गाताना माइक तोंडापासून किती दूर ठेवता?"

वीतभर. नागपूरच्या महाल भागातल्या घराची मागची खोली, बारीक आवाजही टिपणारा एक कंडेन्सर माइक, दोन इनपुटांचा छोटा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपला पोचवणारी डबी) आणि लॅपटॉप, एवढाच आमचा स्टुडिओ. धाकट्याचा तबला आधी रेकॉर्ड होतो, मग तो कानात ऐकत मी अभंग म्हणते. हे ऐकल्याबरोबर तुम्ही ओपन-बॅक प्रकार यादीतून काढून टाकलात. त्यांच्या कपांना मागून जाळी असते, आवाज मोकळाढाकळा लागतो, नुसतं ऐकायला फार छान. पण तो आवाज बाहेरही तेवढाच सांडतो आणि वीतभरावरच्या माइकमध्ये शिरतो. संथ आलापात मागून मेट्रोनोमची, म्हणजे लय धरून देणाऱ्या यंत्राची, टिकटिक ऐकू आली की ती नंतर धड काढताही येत नाही. स्वस्तात मिळणारे सेमी-ओपन, म्हणजे मागून अर्धवट उघडे, तेही त्याच कारणाने बाद. ब्लूटूथचा निकाल तर एका वाक्यात लागला: आवाज कानात पोचायला उशीर होतो आणि तालाची सम हुकते. मागे कप बंद असलेला, कानाभोवती पूर्ण बसणारा आणि तारेचा हेडफोन हवा, हे दुकानात पाय ठेवण्याआधीच ठरलं होतं.

दुकानात येताना तुम्ही मला माझंच रेकॉर्डिंग आणायला लावलंत. एमपी३ नाही, डब्ल्यूएव्ही, म्हणजे न दाबलेली मूळ फाइल. मला वाटलं होतं तुम्ही एखादं नावाजलेलं गाणं लावून दाखवाल. तर म्हणे, "चांगलं मिक्स केलेलं, म्हणजे सगळे आवाज तोलून बसवलेलं, गाणं कशावरही बरंच लागते. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये खोट कुठं आहे, ते तुम्हाला माहीत आहे न? ती दिसते का पाहा." मग धाकट्याला आणि मला तीनच जागा ऐकायला सांगितल्या: डग्ग्यावरची मींड (घसरत जाणारा सूर), चाटीवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेचा, 'ना' आणि माझे 'स' आणि 'श'.

दुकानदाराने आधी हातात दिलेला हेडफोन दिसायला झकास होता. त्यावर डग्गा असा काही घुमला की धाकटा तिथेच पैसे काढायला निघाला. तुम्ही नुसते हसलात. "हाच ऐकून मिक्स कराल तर घरी बसून डग्गा कमी करत राहाल. आणि मग स्पीकरवर लावलं की तबला पत्र्याच्या डब्यासारखा वाजेल." हेडफोनने फुगवलेलं आपण कापतो, म्हणजे मुळात जे ठीक होतं तेच कापतो, हे त्या एका वाक्यात डोक्यात बसलं. दर वेळी हेडफोन बदलला की तुम्ही आवाज कमीजास्त करून सारखा करून द्यायचात. जरासा मोठा वाजणारा हेडफोन नेहमी जास्त चांगला वाटतो, म्हणून. ही खबरदारी मी दुसऱ्या कुणाला घेताना पाहिलेली नाही.

मग तुमच्या पिशवीतून तो झिजका सोनी एमडीआर-७५०६ निघाला. १९९१ पासून विकला जाणारा, ६३ ओमचा (ओम म्हणजे हेडफोन विजेला करतो त्या अडथळ्याचं माप), घडी होणारा. त्यावर माझा प्रत्येक 'स' सुईसारखा टोचला. "चुका पकडायला हा बरा, पण तासन्‌तास गाणी ऐकाल तर कान थकतील," म्हणालात, आणि मला एकच वस्तू दोन्ही कामांना हवी होती. सेनहायझरच्या एचडी २८० प्रोने बाहेरचा आवाज छान अडवला, पण डोकं आवळून धरलं. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो सगळ्यांत आरामाचा वाटला. मखमली गाद्या, कपाळाला ताप नाही. पण तो बजेटच्या बाहेर जात होता, शिवाय दुकानात होता तो २५० ओमचा. हाच हेडफोन ३२ आणि ८० ओममध्येही येतो, आणि माझ्या छोट्या इंटरफेसवर किंवा फोनवर २५० ओमवाला दबका वाजेल, हे मला कोण सांगणार होतं? दुकानदार तर ओमचा आकडा जितका मोठा तितका माल भारी, असंच समजावत होता.

शेवटी ऑडिओ-टेक्निकाचे दोन उरले, एम२०एक्स आणि एम४०एक्स. आवाज काढणारे ड्रायव्हर दोन्हींत ४० मिलिमीटरचे. स्वस्तातल्या एम२०एक्सची तार पक्की जोडलेली. एम४०एक्स ३५ ओमचा, फोनवरही चालणारा, तार निघणारी, आणि सोबत एक सरळ, एक गुंडाळीची अशा दोन तारा. आमच्या खोलीत तारेवरून खुर्ची फिरते हे तुम्ही आधी विचारून घेतलं होतं, तेव्हा निर्णय तिथेच झाला. तरीही, "हातात पैसे कमी असते तर एम२०एक्सनेही काम भागलं असतं," हे तुम्ही दुकानदारासमोर म्हणालात. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. नावाजलेल्या मॉडेलांच्या नकला बाजारात फिरतात म्हणून पक्कं बिल आणि वॉरंटी घेतल्याशिवाय तुम्ही मला दुकानाची पायरी उतरू दिली नाहीत.

चष्म्याचं मात्र खास लिहायलाच हवं. एम४०एक्स घालून मी म्हटलं, डग्गा जरा पोकळ वाटतो. तुम्ही हेडफोनला हात लावला नाही, म्हणालात, "चष्मा काढा." काढला, आणि डग्गा भरून आला. पुन्हा घातला, पुन्हा पोकळ. चष्म्याच्या काडीमुळे गादी आणि कातडी यांच्यात बारीकशी फट राहते आणि बंद कपातला खर्ज तिथून निसटतो. तेव्हापासून मिक्स करताना बारीक काडीचा जुना चष्मा लावते. चष्मेवाल्याला हे कारण सांगून बारीक काडीच मागितली, तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला.

आता उन्हाळ्याचं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, रेकॉर्डिंगच्या वेळी कूलर बंद, आणि कानांवर रेक्झिनच्या गाद्या. घाम गाद्यांच्या शिवणीपर्यंत उतरतो. तुम्ही सांगितलं तसं, काढला की कोरड्या सुती फडक्याने पुसते आणि खुंटीला टांगते. गाडीत कधीही सोडत नाही. गाद्यांचे पापुद्रे कधी ना कधी निघणारच, म्हणून ज्याच्या गाद्या वेगळ्या विकत मिळतात तोच घ्यावा, हा तुमचा मुद्दा मला आवाजाच्या सगळ्या चर्चेहून जास्त पटला. गाद्या मिळाल्या नाहीत तर चांगला हेडफोनही टाकूनच द्यावा लागतो.

नुसतं गाणं ऐकते तेव्हा कूलर सुरू असतो. साध्या इअरफोनवर त्या घरघरीच्या वर जायला आवाज वाढवत न्यावा लागायचा. बंद कपांत ती घरघर बरीच बाहेर राहते, त्यामुळे फोनचा आवाज अर्ध्यावरच पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि ९० डेसिबलला ती ४ तासांवर येते. दिवसभर कानात काही ना काही असणाऱ्या माझ्यासारखीला हा फरक लहान नाही. आणि वसंतराव देशपांड्यांची जुनी ध्वनिमुद्रणं! तान संपल्यावर घेतलेला श्वास, मागे कुठेतरी पेटीच्या भात्याची हालचाल, सगळं ऐकू येतं. टेपची खरखरही येते. येऊ दे.

शेवटचा हात मात्र अजून स्पीकरवरच देते, तुम्ही म्हणाल तसाच. हेडफोनमध्ये डाव्याचं डाव्याच कानात जातं, म्हणून तानपुरा बाजूला सारला की तो जरुरीपेक्षा जास्त लांब गेल्यासारखा वाटतो. दिवाणखान्यात लावला की जागेवर येतो. मग एकदा फोनवर ऐकते, कारण माझ्या विद्यार्थिनी फोनवरच ऐकणार.

आता एक काम. उन्हाळ्याआधी या हेडफोनला मखमली गाद्या बसवाव्यात असं मनात आहे. गादी बदलली की खर्जही बदलतो, हे तुम्ही ओझरतं बोलला होतात, पण किती आणि कसा ते राहून गेलं. फोनवर सांगू नका. एखाद्या रविवारी तुमच्याकडचा मखमली गाद्यांचा डीटी ७७० घेऊन घरीच या, दोन्ही शेजारी ठेवून ऐकू. आई सांबारवडी (आपली कोथिंबिरीची वडी) करते म्हणाली आहे. फक्त आदल्या दिवशी कळवा, म्हणजे सांबार ताजा आणता येईल.

तुमची आभारी,
महालातली अभंगवाली ताई