बाबांच्या चपलेचा नंबर

प्रिय आई-बाबा,

फोनवर हे सगळं सांगायला गेलं की बाबा "बरं बरं, बघू" म्हणून फोन आईकडे देतात आणि आईच्या मागे कुकरच्या शिट्ट्या चालू असतात, म्हणून सरळ लिहूनच पाठवतेय. आई, तू आधी वाच, मग बाबांना वाचून दाखव. आणि मावशीच्या ग्रुपवर फॉरवर्ड करू नकोस प्लीज, नाहीतर उद्या सकाळी अख्ख्या तासगावातून काढ्याच्या रेसिपी यायला लागतील.

तर विषय असा आहे की बाबांच्या ज्या तक्रारी आपण सगळे सुट्या सुट्या धरून चाललोय, शुगर वेगळी, घोरणं वेगळं, हाताच्या मुंग्या वेगळ्या, त्या मला एकाच जागेवरून आल्यासारख्या वाटतायत. ती जागा म्हणजे पियुषिका ग्रंथी, पिट्युटरी. मेंदूच्या खाली, नाकाच्या बरोबर मागे हाडाच्या एका खोबणीत बसलेली असते, वाटाण्याएवढी, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, पण थायरॉईडपासून पाळीपर्यंत सगळ्या हार्मोन्सना हुकूम तिथून सुटतात. तिच्यात कधी कधी गाठ होते. आई, थांब, लगेच देवासमोर जाऊन बसू नकोस, या गाठी जवळपास सगळ्याच साध्या असतात, कॅन्सर नसतो, आणि असं काही आहेच असंही मी म्हणत नाहीये, ते टेस्ट सांगेल. पण टेस्ट करायलाच पाहिजे हे मी ठासून म्हणतेय.

का म्हणतेय ते सांगते. बाबांना चप्पल आठ नंबरची लागायची, लहानपणी मीच त्यांच्याबरोबर जायचे ना आणायला. आता दहा नंबर घेतात आणि तीसुद्धा पुढून आवळते. साखरपुड्याची अंगठी सोनाराकडे जाऊन कापून काढावी लागली तेव्हा सगळे म्हणाले रिटायर झाल्यावर माणूस सुटतोच, पण बाबांचं पोट कुठे सुटलंय? पॅन्ट त्याच आहेत. बोटं जाड झालीत, तळवे जाड झालेत. खालची कवळी दोनदा नवीन केली तरी बसत नाही कारण कवळीचं माप चुकत नाहीये, जबडा पुढे येतोय. दिवाळीचा फोटो आणि माझ्या लग्नातला फोटो मी शेजारी शेजारी ठेवून बघितला, नाक, भुवयांवरचं हाड, ओठ, सगळं जाड झालंय. तुम्ही रोज बघता म्हणून तुम्हाला दिसत नाही, हे इतकं हळूहळू होतं की बऱ्याच लोकांचं निदान व्हायलाच पाच-दहा वर्षं जातात. घाम तर विचारूच नका, डिसेंबरात बनियन पिळून काढायची वेळ. घोरण्यामुळे आई हॉलमध्ये झोपते. आणि आरतीला बाबांचा आवाज जो खर्जात गेलाय तो सर्दीने नाही गेलेला, जीभ आणि घशाच्या आतला भागसुद्धा जाड होतो त्याने.

या प्रकाराला ॲक्रोमेगाली म्हणतात. गाठीतून ग्रोथ हार्मोन जास्तीचं सुटतं. लहान वयात झालं तर उंची वाढत जाते, मोठेपणी हाडांची टोकं बंद झालेली असतात म्हणून उंची नाही वाढत, हात पाय जबडा वाढतो. बाबा, तुम्ही आणि चिंटू मिळून ज्या खलीची कुस्ती बघायचा ना, त्याच्या पिट्युटरीवर हीच गाठ होती, २०१२ मध्ये अमेरिकेत ऑपरेशन करून काढली आणि नंतर तो परत रिंगमध्ये उतरला. चिंटूला हे सांगू नका, तो शाळेत सांगत सुटेल की आजोबा खली आहेत.

हेच हार्मोन जास्त झालं की शुगर चढते, बीपी चढतं, मनगटातली नस दबून रात्री हाताला मुंग्या येतात. म्हणजे शुगरची गोळी वाढवत नेली तरी शुगर का हलत नाही त्याचं उत्तर कदाचित इथे असेल. आपले डॉक्टर चांगलेच आहेत, त्यांच्यासमोर पाच मिनिटांत फक्त शुगरचा रिपोर्ट ठेवला तर ते शुगरचंच बोलणार, चपलेचा नंबर त्यांना कोण सांगणार.

आता डोळ्यांचं, जे माझ्या रोजच्या कामातलं आहे आणि ज्यामुळे मला खरं तर झोप लागत नाहीये. दिवाळीत निघायच्या आदल्या संध्याकाळी ओट्यावर मी बाबांना समोर बसवलं, एक डोळा झाकायला लावला, माझ्या नाकाकडे बघा म्हणलं आणि बाजूने बोटं हलवत आणली. बाबांना वाटलं मी खेळ करतेय. उजवा डोळा उघडा असताना उजवीकडून वरच्या बाजूने आणलेलं बोट पार मध्यापर्यंत येईस्तोवर दिसलं नाही, डाव्याला डावीकडून तसंच. दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू. मोतीबिंदूत असं होत नाही, चष्म्याच्या नंबराने होत नाही. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात ती जागा या ग्रंथीच्या बरोबर वर आहे, खालून गाठ वाढली की तिथे दाब येतो आणि आधी बाहेरची वरची बाजू जाते. माणसाला कळतही नाही, समोरचं सगळं स्वच्छ दिसतं, तक्त्यावरची शेवटची ओळ खडाखडा वाचतो, बाबांनी वाचलीच की. पण कपाटाचं उघडं दार कपाळाला लागतं, चौकटीला कोपर घासतं, आणि बाजूने आलेला ट्रॅक्टर एकदम अंगावर आल्यासारखा वाटतो. आई, तू म्हणतेस ना हल्ली हे धांदरट झालेत. धांदरट नाही झालेत गं.

आमच्या इथल्या डॉक्टर सरांना मी सगळं सांगितलं, ते म्हणाले उशीर नको.

करायचं काय ते फार नाहीये. एक रक्ताची टेस्ट, आयजीएफ-१ नावाची (ग्रोथ हार्मोनच्या हुकमावरून शरीरात जे बनतं आणि दिवसभर साधारण सारखं राहतं ते मोजतात), उपाशी राहायची गरज नाही. नुसतं ग्रोथ हार्मोन तपासून उपयोग नसतो कारण ते दिवसभर वरखाली होत असतं, त्यामुळे लॅबवाला म्हणाला "हे स्वस्तात करून देतो" तर नको म्हणा. मग याच ग्रंथीच्या कारभारातली बाकीची हार्मोन्स: सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल, प्रोलॅक्टिन (दूध यायला लावणारं हार्मोन), आणि थायरॉईडचं टीएसएच एकटं नाही, सोबत फ्री टी-४ पण, कारण टीएसएच म्हणजे पिट्युटरीने थायरॉईडला सोडलेला हुकूम आणि टी-४ म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन, बिघाड पिट्युटरीतच असला तर टीएसएच नॉर्मल दिसून फसवतं (आई, तू तेच धरून बसलीयेस, थायरॉईड तर नॉर्मल आलंय म्हणून). मग डोळ्यांची फील्ड टेस्ट, ती मी माझ्यासमोर करून घेईन, हनुवटी टेकवून बसायचं आणि बारीक लाईट चमकला की बटण दाबायचं, बाबांना आवडेल. त्यानंतर एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सचे डॉक्टर, आणि ते सांगतील तसा पिट्युटरीचा एमआरआय. ते अजून काही खाजगी प्रश्न पण विचारतील बाबा, ते मी मुलगी असून इथे लिहीत बसत नाही, पण तिथे लाजून "सगळं ठीक आहे" म्हणू नका, हार्मोन्सची गोष्ट आहे, त्यांना खरं उत्तर लागतं.

गाठ निघाली तरी पुढचा रस्ता माहितीतला आहे. प्रकारावर असतं सगळं. प्रोलॅक्टिनवाली असली तर बहुतेक वेळा नुसत्या गोळ्यांवर आकसते, आमच्याकडे एक मुलगी येते, पाळी बंद झालेली आणि लग्न न होता छातीतून दूध यायला लागलं म्हणून घरच्यांनी काय काय बोलून घेतलं तिला, निघाली ही गाठ, आता आठवड्यातून दोन गोळ्या घेते आणि मजेत आहे. बाबांसारख्याला मात्र पहिला उपाय ऑपरेशनच असतो, ते नाकातून दुर्बिणीने करतात, कवटी उघडत नाहीत, टक्कल करत नाहीत. त्यानंतरही हार्मोन जास्त राहिलं तर इंजेक्शनं आहेत. सूज उतरते, घाम कमी होतो, शुगर-बीपी बऱ्याचदा सुधारतं, नजर दाब गेल्यावर पुष्कळदा परत येते पण फार दिवस दबलेली राहिली तर येत नाही, म्हणून घाई. वाढलेलं हाड मात्र परत लहान होत नाही, तेव्हा जुन्या चपला ठेवून देण्यात अर्थ नाही, देऊन टाका कोणाला तरी.

एक गोष्ट फ्रिजवर चिकटवून ठेव आई. बाबांचं डोकं कधी अचानक भयंकर दुखायला लागलं, उलट्या, एकाचे दोन दिसणं, नजर जाणं, गुंगी, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, अर्धशिशी म्हणून बाम चोळत बसायचं नाही, रात्री दोन वाजले असले तरी मिरजेला मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं आणि कॅज्युअल्टीत सांगायचं की पिट्युटरीचा संशय आहे. गाठीत रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित होतो, पण झाला तर तासांचा खेळ असतो.

मी शनिवारी सुट्टी टाकलीये. तुम्ही शुक्रवारीच इकडे या, जुने सगळे रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं आणि लग्नातला अल्बम घेऊन, अल्बम खरंच आणा, डॉक्टर जुने फोटो मागतात. बाबा, भिशीची मीटिंग पुढच्या महिन्यात पण असते. आणि स्टँडपर्यंत स्कूटर नाही, रिक्षा करायची, फील्ड टेस्ट होईपर्यंत स्कूटरची किल्ली आईकडे. आई, डब्यात लपवू नकोस, त्यांना सगळे डबे माहितीयत.

तुमची,
ताई