अहवाल काहीही सांगो, जमीन जाणारच

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील ओक फ्लॅट येथील वनजमिनीच्या अदलाबदलीचे वृत्त वाचले. चर्चा एकरांच्या हिशेबाची होते: टोंटो राष्ट्रीय वनातील २,४२२ एकर खाण कंपनीला, बदल्यात सरकारला त्याच्या दुपटीहून अधिक. खरी मेख वेगळीच आहे. डिसेंबर २०१४ मध्ये संरक्षण खर्चाच्या कायद्यात घुसवलेल्या कलमानुसार खाणीच्या पर्यावरणावरील परिणामांचा अंतिम अहवाल प्रसिद्ध झाल्यावर ६० दिवसांत जमीन द्यायचीच आहे, अहवालात काहीही निघो. वन खात्याला नकाराचा अधिकारच ठेवलेला नाही.

कंपनीला हवे असलेले तांबे या जमिनीखाली सुमारे २ किलोमीटर खोल आहे. ते काढताना खालचा खडक पोखरतात आणि वरचा थर स्वतःच्या भाराने ढासळत जातो. त्यातून जवळपास ३ किलोमीटर रुंद आणि सुमारे ३०० मीटर खोल खड्डा पडेल, असा अंदाज आहे. तेथील मूळनिवासी अपाची समाज पवित्र मानतो ती हीच जागा, आणि १९५५ मध्ये सरकारनेच ती खाणकामापासून राखून ठेवली होती! अशा अदलाबदलीच्या कायद्यात आधी अहवाल, मग निर्णय हा क्रम आणि व्यवहार रद्द करण्याची मुभा असलीच पाहिजे.