पडल्या बियांची बाग

सोलापूर,
२० मे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

जुळे सोलापुरातल्या तुझ्या घराचे रंगकाम संपत आले आणि पुढची जागा मोकळी झाली, हे वाचून आनंद झाला. दरवर्षी बी आणून पेरावे लागणार नाही, एकदा लावले की पुढे आपली आपण उगवत राहतील, अशी फुलझाडे आपल्याकडे होतात का, असे तू विचारले आहेस. होतात, पण फार नाहीत. डिसेंबरात रोपवाटिकेत फुलांनी भरलेली मिळतात ती पेटुनिया आणि पॅन्झी यांच्या नादी लागू नकोस. फाल्गुनातले ऊन लागले की ती संपतात आणि मागे काही ठेवत नाहीत. आपल्या भरवशाची म्हणजे तेरडा, कोंबडा, पिवळा-केशरी कॉसमॉस, झिनिया, गुलबक्षी आणि कुंपणावर चढवायला गणेशवेल. यांतली गुलबक्षी खरे तर कंदावर वर्षानुवर्षे जगते, पण ती बियांनीही इतकी पसरते की मी तिला याच पंक्तीत बसवतो.

सर्वांत आधी मातीचा विचार कर, कारण सोलापुरात पडलेले बी वाया जाते ते बहुधा मातीमुळे. आपली काळी माती उन्हाळ्यात इतकी भेगाळते की फटीत सहज बोट जाते. कोंबड्याचे काळे चकचकीत बी मोहरीहून बारीक असते आणि ऑफिस टाइमचे, म्हणजे चिनी गुलाबाचे, तर चिमटीतही धरवत नाही. असले बी त्या फटींतून वीतभर खाली जाते, पुढे पावसाने माती फुगून फटी मिटल्या की तिथेच गाडले जाते. त्याच्यात साठवण इतकी थोडी असते की तेवढ्या खोलीवरून कोंब वर येऊच शकत नाही. गुलबक्षीचे मिऱ्यासारखे टपोरे बी मात्र बोटभर खोलीतूनही डोके वर काढते. यावर उपाय सोपा आहे. बांधकामातून वाळू उरली असेल, तर तिच्यात सिमेंट मिसळलेले नाही एवढे पाहून, ती चाळलेल्या जुन्या शेणखतात मिसळ आणि वाफ्यावर दोन बोटे जाडीचा थर दे. पाऊस सुरू होण्याआधी हे झाले पाहिजे. पुढच्या वर्षीपासून फुले सरत आली की, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, बी पडण्याआधीच भेगा याच मिश्रणाने बुजवत जा.

दुसरा प्रश्न पावसाचा. मृगाची पहिली सर आली की सगळे बी टाकून मोकळे व्हावे, असा मोह होतो, पण आपल्याकडे त्या सरीनंतर पाऊस कितीही लांबू शकतो आणि खात्रीचा पाऊस बहुतेक वर्षी भाद्रपदातच पडतो. ज्वारीचा पेरा उगाच रब्बीवर ठेवलेला नाही. म्हणून सोबतच्या पुड्यांतले निम्मेच बी जूनमध्ये टाक आणि निम्मे उत्तरा नक्षत्रासाठी राखून ठेव. आपोआप पडणाऱ्या बियांना ही अक्कल उपजतच असते: वळवाच्या पावसाने काही उगवतात आणि करपतात, काही मृगावर येतात, काही थेट सप्टेंबरात. तेरड्याला मात्र उशीर चालत नाही. पेरल्यापासून फूल यायला त्याला साधारण दोन महिने लागतात आणि वहिनींना तो गौरीला हवा असणार, तेव्हा त्याचे बी जूनमध्येच टाक आणि नळाला पाणी नसेल त्या दिवसांसाठी एक पिंप भरलेले ठेव. पाण्याची ओढ बसली की तो मान टाकतो; कॉसमॉसला तितकी फिकीर नसते.

आता खुरप्याविषयी. अशा बागेचा खरा शत्रू हौशी माळी असतो. पाऊस पडून पंधरवडा झाला की तो येतो आणि जागा खरवडून लख्ख करून देतो. त्यात पुढच्या हंगामाची सगळी रोपे जातात. रोपे ओळखता येईपर्यंत कोणालाही खुरपे लावू देऊ नकोस. गुलबक्षीची पहिली दोन पाने रुंद आणि मोठी असतात, तेरड्याचे खोड रसरशीत, जवळपास पारदर्शक असते आणि लाल कोंबड्याच्या रोपाचे देठ पहिल्यापासून लालसर दिसते. फसगत होते ती कॉसमॉसची, कारण गाजरगवताचे रोपही कातरलेल्या पानांचे असते. गाजरगवत सुरुवातीला जमिनीला चिकटून गोल पसरते. कॉसमॉस सरळ उभा वाढतो आणि त्याची पाने समोरासमोर जोडीने येतात. एवढे पाहिलेस की चूक होणार नाही. रानातला कुरडू कुंपणापाशी दिसला, तर फुलण्याआधी उपटून भाजी कर. तो आणि कोंबडा एकाच जातीचे आहेत, त्यांचा संकर होऊ द्यायचा नाही.

उगवलेले सगळेच ठेवायचे नाही, हे तुझ्यासारख्या मऊ मनाच्या माणसाला जड जाईल. वीतभर अंतरावर एक रोप ठेवून बाकीची काढ, झिनिया आणि कॉसमॉस यांना हातभर जागा दे. दाटीतली झाडे नुसती उंच होतात, आणि झिनियाच्या पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येते. नंतर फुले आली की नको असलेल्या रंगाची झाडे बी धरण्याआधीच काढ, कारण पुढच्या वर्षीचा रंग या एका कामावर ठरतो. झिनियाची एकेरी फुले बी भरपूर धरतात, म्हणून हात न लावल्यास तीच वाढत जातात आणि भरगच्च फुलांची झाडे मागे पडतात. पाकिटावर एफ-१ लिहिलेले संकरित बी तर घेऊच नकोस. त्याच्या दुसऱ्या पिढीत काय निघेल याचा नेम नसतो. गुलबक्षीचे रंग बदलले, तर मात्र तक्रार करू नकोस. लाल आणि पांढरीच्या संकरातून गुलाबी येते आणि तिच्या बियांतून पुन्हा तिन्ही रंग निघतात, हे आपण बारावीला पाठ केले होते. याच झाडाच्या चट्टेरी पानांवरून जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्स यांनी १९०९ मध्ये दाखवले की पानांचा हा गुण परागाकडून येत नाही, बी धरणाऱ्या झाडाकडूनच येतो. तेव्हा प्रश्नपत्रिकेपलीकडे त्याचे महत्त्व वाटले नव्हते. आता पानांवर चट्टे असलेले झाड दिसले की त्याच्याच खालचे बी वेचतो.

लार्कस्परचे बी पाठवलेले नाही. ते उबदार मातीत रुजत नाही, कार्तिकात थंडी पडल्यावर टाकावे लागते. दिवाळीला आलास की देईन. तेरड्याच्या शेंगा हाताळताना एक कर: पिवळसर होऊ लागल्या की मुठीत धरूनच तोड, नाहीतर फुटून बी दूर उडते. उडाले तरी बिघडत नाही, फक्त फरशीच्या सांध्यांतून रोपे येतील आणि ती काढायला वहिनींनी तुला लावले तर माझे नाव सांगू नकोस.

पुढच्या अंगणात चुन्याचा आणि प्लास्टरचा राडा टाकू नका, असे गवंड्याला आजच बजाव. पुड्यांवर नावे लिहिली आहेत. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बालमित्र