साथ संपली, याद्यांचे काय?

महोदय,

एप्रिल २०२० मध्ये करोनामुळे नागपुरातले सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा सील झाले, तेव्हा रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना शोधून काढणे गरजेचेच होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच दिवसांत विलगीकरणात नेलेल्यांची यादी नाव, वय, पत्ता आणि मोबाईल नंबरासकट आमच्या वस्तीतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली. शेजारी धुणीभांडी करणाऱ्या एका बाईंची चाचणी निगेटिव्ह आली, तरी यादीत नाव दिसले म्हणून त्यांची तीन घरे सुटली. ती यादी कुणी बाहेर काढली, हे कुणी विचारलेही नाही. रुग्णांच्या दारावर पोस्टर लावू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२० मध्ये सांगावे लागले. तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

आरोग्य सेतू ॲपमध्ये ब्लूटूथने टिपलेले संपर्क आधी फोनमध्येच राहत. बाधित ठरल्यावर ते सर्व्हरवर जात. ११ मे २०२० च्या नियमावलीत संपर्क आणि ठिकाणांची माहिती १८० दिवसांनी कायमची पुसण्याची मुदत होती. निदान मुदत लिहिलेली तरी होती! हाताने भरलेल्या रजिस्टरांना आणि वॉर्डावॉर्डांतल्या एक्सेल फायलींना अशी मुदत कुणी घातल्याचे मला तरी आठवत नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हा प्रश्न सुटेल असे वाटले होते. पण साथीच्या काळात उपचार आणि आरोग्यसेवेसाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा या कायद्यात आहे. ती समजू शकते. खटकते ते कलम १७(४). काम संपल्यावर माहिती पुसण्याचे बंधन खासगी कंपनीवर आहे, सरकारी यंत्रणेवर नाही. माझी माहिती पुसून टाका, असे सरकारकडे मागण्याचा हक्कही या कलमाने काढून घेतला आहे. कागदावरच राहिलेली रजिस्टरे तर या कायद्यात येतच नाहीत.

केंद्राचा कायदा बदलेल तेव्हा बदलेल. राज्याला स्वतःच्या साथरोग आदेशांत माहिती कोण पाहणार, कधी पुसणार आणि यादी फुटली तर जबाबदार कोण, हे लिहायला कुणाची आडकाठी आहे? नागपूरच्या आमदारांनी येत्या हिवाळी अधिवेशनात हा प्रश्न मांडावा आणि २०२०-२१ च्या याद्या आज कुणाकडे आहेत, याचे लेखी उत्तर सरकारकडून घ्यावे.

– एक वाचक, इतवारी, नागपूर