नकाराचं कारण लिहायला लावा

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय: खाजगी कंपन्यांच्या भरतीत आणि बढतीत जात, धर्म, वंश यांवरून होणारा भेदभाव

महोदय,
स.न.वि.वि.

मी पुण्यात 17 वर्षं एचआरमध्ये काढली. आधी खराडीत, मग हिंजवडीत. सीव्ही चाळायचे, उमेदवारांना फोन करायचे, मुलाखतीची पॅनल लावायची आणि शेवटी ऑफर लेटर नाहीतर रिग्रेट मेल पाठवायचा, हे माझं काम. या पत्रातलं बरंचसं त्या खुर्चीत बसून पाहिलेलं आहे. कंपन्यांची नावं घेत नाही. एका कंपनीपुरता प्रश्न असता, तर तिच्याच वरिष्ठांकडे गेले असते.

2014 सालची एक मुलाखत सांगते. जावा डेव्हलपरची जागा होती. मुलगा उदगीरकडचा, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला, दोन वर्षांचा अनुभव. टेक्निकलच्या दोन्ही फेऱ्यांत त्याला 5 पैकी 4.5 मिळाले होते आणि दोन्ही पॅनलनी ‘नक्की घ्यावा’ असा शेरा दिला होता. राहिली होती मॅनेजर राउंड, जी अशा वेळी नावापुरतीच असते. मॅनेजरनं सीव्ही हातात घेतला आणि पहिल्या पानावर एका ओळीवर बोट ठेवलं. शिकत असतानाचा पत्ता होता तो, समाजकल्याणच्या वसतिगृहाचा. मग आडनाव पुन्हा एकदा वाचलं. मला विचारलं, “हा मूळचा कुठला?” मी सांगितलं. “तसं नाही गं, म्हणजे...” एवढं म्हणून तो आत गेला आणि 12 मिनिटांत बाहेर आला. “टेक्निकली ठीक आहे, पण आपल्या टीममध्ये बसणार नाही.” मी विचारलं, शेरा काय लिहू? “कल्चर फिट नाही, असं टाक.”

मी टाकला.

मुलगा रिसेप्शनपाशी सोफ्याच्या कडेवर बसला होता. मांडीवर फाइल, तीत दहावीच्या मार्कलिस्टपासून पुढचे सगळे कागद प्लॅस्टिकच्या पाकिटांत ओळीनं लावलेले. “आम्ही कळवू” म्हटल्याबरोबर त्याच्या लक्षात आलं. “मॅडम, काय कमी पडलं तेवढं सांगाल का? इंग्लिशचं असेल तर मी क्लास लावलाय.” त्याचं इंग्लिश चांगलं होतं. मी म्हणाले, फीडबॅक द्यायची आमची पॉलिसी नाही. ते खरंही होतं. तीन आठवड्यांनी त्याच जागेवर रेफरलनं, म्हणजे कंपनीतल्याच कुणाच्या शिफारशीनं आलेला एकजण रुजू झाला. त्याला 3.5 मिळाले होते.

त्या मुलाला कदाचित आजही वाटत असेल की आपलं इंग्लिश कमी पडलं. इतक्या वर्षांनंतर मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला तो झाल्याचं कळलंच नाही. तक्रार तरी तो कशाची करणार? आणि मी लिहिलेला तो शेरा? सहा महिन्यांनी एक्सेलची ती शीट कुणीतरी उडवली. नव्या वर्षाची नवी शीट.

कायदा अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्याला नोकरीपासून अडवणं हा गुन्हा आहे. कोर्टानं काय गृहीत धरावं, याची पीडिताच्या बाजूची तरतूदही त्यात आहे. पण तो फौजदारी कायदा. पोलीस ठाण्याची पायरी चढायची, तर हातात काहीतरी लागतं आणि उमेदवाराच्या हातात असतो दोन ओळींचा मेल: ‘या वेळी आम्ही आपल्या अर्जाचा विचार करू शकत नाही.’ शिवाय मुस्लिम उमेदवार, ईशान्येकडची मुलं, भटक्या जमातींतली मुलं यांना या कायद्याचा आधार मिळत नाही. घटनेचं कलम 16 समान संधी देतं ते सरकारी नोकरीपुरतं. पुण्यात आयटी आणि बीपीओमध्ये लाखो माणसं काम करतात, त्यांच्या भरतीचा दरवाजा या सगळ्याच्या बाहेर राहिला आहे.

हे फक्त माझ्या एकटीच्या अनुभवावर उभं नाही. अर्थतज्ज्ञ प्रा. सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकरीच्या जाहिरातींना अर्ज पाठवून पाहिले. शिक्षण, अनुभव सारखा. फरक फक्त नावाचा. 2007 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त हा अभ्यास छापून आला. वरच्या जातीच्या हिंदू नावाशी तुलना केली, तर अर्ज पुढच्या टप्प्यात जाण्याची शक्यता दलित नावाच्या बाबतीत सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाच्या बाबतीत एक तृतीयांश निघाली. मुलाखतीत कोण कसं बोललं हा प्रश्नच तिथे नव्हता, कारण समोर होता फक्त कागद. त्याच्या तीन वर्षं आधी अमेरिकेत बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांनी बोस्टन आणि शिकागोत केलेला असाच प्रयोग प्रसिद्ध झाला होता. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना काळ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा 50 टक्के जास्त फोन आले. तिथे पहिल्या नावावरून वंश ओळखतात, आपल्याकडे आडनावावरून जात. आणि आडनावावरून उमगलं नाही, तर “सीईटीला किती होते?” असं हसत विचारतात. मार्क आणि कॉलेज यांचा मेळ घातला की ‘कुठल्या कोट्यातून’ ते कळतं. जेवणाच्या टेबलावर हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की पुढे पुढे तो कानावर आला की मी ताट उचलून उठायला लागले.

ऑफिसात शिरकाव झाल्यावरही हे संपत नाही. खराडीच्या बीपीओमध्ये आमच्याकडे इंफाळची एक मुलगी होती, क्वालिटीला. तीन वर्षं काम उत्तम. तिच्या हाताखाली शिकलेली तीन मुलं टीम लीडर झाली, ती जिथल्या तिथे. अप्रेझलच्या नॉर्मलायझेशनच्या मीटिंगमध्ये मॅनेजर लोक बंद खोलीत बसून रेटिंग खाली-वर करतात. त्या मीटिंगमध्ये मी नोंदी घ्यायला होते. तिचं नाव आलं तेव्हा एकजण म्हणाला, “क्लायंटसमोर कशी उभी करणार? बघितलं की बाहेरची वाटते.” कुणी हरकत घेतली नाही. मीही घेतली नाही. कागदावर गेलं: ‘लीडरशिप प्रेझेन्स वाढवण्याची गरज.’ तिनं तो कागद घेऊन मला विचारलं, म्हणजे नेमकं काय वाढवू? फ्लोअरवर तिला ‘ए नेपाळी’ म्हणून हाका मारायचे, ती हसून घ्यायची. ऑगस्ट 2012 मध्ये पुण्यात ईशान्येकडच्या मुलांना मारहाण झाली, मोबाइलवर अफवा फिरल्या आणि इथून, बेंगळुरूहून मुलं मिळेल त्या गाडीनं घरी निघाली, तेव्हा तीही गेली. महिन्याभरानं परत आली. कामावर आल्यावर पहिल्या दिवशी तिच्याकडे रजेचं कारण लेखी मागितलं गेलं.

रजेचं कारण लेखी मागणाऱ्या कंपनीला बढती नाकारण्याचं कारण लेखी द्यावं लागत नाही. माझी मागणी इथूनच सुरू होते.

आता ‘गुणवत्ता’ या शब्दाविषयी, कारण या पत्राला पहिलं उत्तर तेच येईल. कॅम्पस भरतीत ‘दहावी, बारावी, डिग्री, सलग 60 टक्के आणि शिक्षणात खंड नको’ अशी अट सर्रास असते. मी स्वतः ती कित्येक जाहिरातींत टाकली आहे. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मुलाला दहावीला 54 टक्के पडले आणि इंजिनिअरिंगला 72, तर संगणकच त्याचा अर्ज बाजूला काढतो. दहावीच्या भूगोलाचा आणि टेस्टिंगच्या कामाचा संबंध काय, हे मला 17 वर्षांत कुणी सांगितलं नाही. हाच प्रश्न 1971 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. ड्यूक पॉवर नावाच्या वीज कंपनीच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या केंद्रात काळ्या कामगारांना फक्त मजूर विभागात ठेवत. तिथला सर्वांत वरचा पगार बाकीच्या विभागांतल्या सर्वांत खालच्या पगारापेक्षा कमी होता. 1964 च्या नागरी हक्क कायद्यानं हे बंद करायची वेळ आली, तेव्हा कंपनीनं चांगल्या विभागांसाठी हायस्कूलचं प्रमाणपत्र आणि चाचण्यांची अट आणली. न्यायालय म्हणालं, अट वरवर सगळ्यांना सारखी असली तरी तिच्यामुळे एकाच गटाची माणसं गाळली जात असतील, तर त्या अटीचा कामाशी संबंध आहे हे कंपनीनं दाखवावं. सिद्ध करण्याचा भार कुणावर, हा यातला कळीचा मुद्दा. तिथे आता हा विचार मागे रेटण्याचे प्रयत्न चालू आहेत, हे मला ठाऊक आहे. तरी आपल्याकडे तो अजून पुढेसुद्धा आलेला नाही.

त्याच अमेरिकेत 100 किंवा अधिक माणसं असलेल्या खाजगी कंपनीला दरवर्षी एक तक्ता सरकारकडे भरावा लागतो. कुठल्या पातळीवर कुठल्या वंशाची किती माणसं, स्त्रिया किती, पुरुष किती. आलेले अर्ज आणि भरतीचे कागद वर्षभर जपून ठेवावे लागतात. हिंजवडीत आणि खराडीत ज्या कंपन्यांच्या पाट्या आहेत, त्यांतल्या अनेकांचा तिकडे मोठा कारभार आहे आणि तिकडे त्या हे सगळं करतात. त्यामुळे ‘असं केलंत तर गुंतवणूक जाईल’ हे मला पटत नाही.

आपल्याकडे मोजायची रीत नवी आहे असंही नाही. 26 जुलै 1902 चा शाहू महाराजांचा हुकूम सगळ्यांना माहीत असतो तो मागासवर्गीयांसाठी राखलेल्या 50 टक्के जागांसाठी. त्याच हुकुमाच्या शेवटी आणखी एक वाक्य आहे: सर्व खातेप्रमुखांनी यापुढे केलेल्या नेमणुकांचा अहवाल दर तीन महिन्यांनी सादर करावा. नुसता हुकूम काढून खातेप्रमुख तो पाळणार नाहीत, हे महाराजांना पक्कं माहीत असणार.

मी या पत्रात खाजगी आरक्षण मागत नाही. त्यावर माझं मत आहे, पण तो वाद वेगळा आणि मोठा आहे आणि त्याची वाट पाहण्यात या मुलांची उमेदीची वर्षं जातील. तुमच्या खात्याच्या हातात आज जे आहे तेवढंच मागते आहे. कामगार हा विषय समवर्ती सूचीत येतो, म्हणजे त्यावर राज्यालाही कायदा करता येतो. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा तुमचाच. भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि पगार यांत स्त्रियांशी भेदभाव करू नये असं त्यात आधीच लिहिलेलं आहे. त्या ओळीत जात, धर्म, वंश, जन्मस्थान हे शब्द घाला. आणि त्याला जोडून नियम करा, की मुलाखतीपर्यंत आलेल्या प्रत्येक उमेदवाराचे गुण आणि नकाराचं कारण कंपनीनं लिहून ठेवायचं, दोन वर्षं जपायचं आणि उमेदवारानं मागितलं तर त्याला द्यायचं. बढतीच्या बाबतीतही तेच. ‘कल्चर फिट’ हे कारण चालणार नाही, असं नियमात नाव घेऊन लिहा. कारण द्यावं लागणार हे त्या दिवशी मॅनेजरला माहीत असतं, तर 4.5 सोडून 3.5 घेताना त्याला थांबावं लागलं असतं. मलाही.

दुसरं, लैंगिक छळविरोधी समितीचा वार्षिक अहवाल जसा जातो, तसा पातळीवार माणसांचा तक्ता तुमच्याकडे येऊ द्या. जात-धर्माची माहिती कर्मचाऱ्यानं स्वतःहून, हवी तर द्यावी. ती मॅनेजरच्या नजरेला पडू नये. अपंगांच्या 2016 च्या कायद्यानं खाजगी आस्थापनांकडून समान संधी धोरण मागितलंच आहे, तेव्हा ‘आम्हाला जमणार नाही’ हे ऐकून घेण्याचं कारण नाही. आणि ज्या उद्योगांना सरकार सवलती देतं, त्यांना 80 टक्के स्थानिकांची अट आपण घालतोच. स्थानिक किती हे मोजता येतं. मग त्या स्थानिकांत पुण्यातल्या दलित, मुस्लिम आणि गरीब वस्त्यांतली, ताडीवाला रोडची, कोंढव्याची, पाटील इस्टेटची मुलं किती, हेही मोजता येईल. तुमच्या खात्यानं वर्षातून एकदा थोरातांसारखे जोडीचे अर्ज पाठवून पाहावेत, एवढी एक गोष्ट तर कायदा न बदलताही करता येईल.

जून-जुलैपासून कॉलेजांत कंपन्या यायला लागतात. त्याआधी निदान एक परिपत्रक निघालं, तर यंदाच्या मुलांना त्याचा उपयोग होईल. नियमांचा मसुदा करताना भरती आतून पाहिलेलं माणूस हवं असेल, तर मी यायला तयार आहे. शेरे कसे लिहिले जातात आणि कुठल्या शब्दाच्या आड काय दडवतात, हे मी ओळीनं सांगू शकेन. त्यातले काही मी माझ्या हातानं लिहिले आहेत.

आपली विश्वासू,
एक माजी भरती अधिकारी
वाकड, पुणे