आई-अण्णांना, जयगडहून

तीर्थरूप आई आणि अण्णा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर अण्णांना नीट ऐकू येत नाही आणि आई अर्ध्यातच रडायला लागते, म्हणून लिहितेय. दादाच्या स्टेटसवरून बोट बुडता बुडता वाचली असं वाटलं असेल, तर तसं काही नाही. ती फक्त बिघडत होती, रोज नव्या जागी.

मुंबईहून गोव्याला शिडावर जायचं, आम्ही चौघं, जुनी बोट. या दिवसांत पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, उन्हं चढली की तो पडतो, आणि दुपारनंतर वायव्येचा खारा वारा उठतो. दक्षिणेला जाणाऱ्याला तो पाठीवर मिळतो. मधल्या निवांत वेळेला इंजिन लागतं, आणि नेमकं तेच रुसलं.

अलिबाग ओलांडेपर्यंत पुढचं शीड गुंडाळायची दोरी अडकली, सुकाणू आपोआप धरणारं यंत्र बंद पडलं आणि संडासाचा पंप गेला. (त्याचं सविस्तर नको.) जंजिरा मागे पडला तसा इंजिन तापल्याचा भोंगा वाजला. अण्णा, हे खास तुमच्यासाठी. या इंजिनाला ट्रॅक्टरसारखं रेडिएटर नाही. समुद्राचंच पाणी ओढून ते गार होतं आणि ते पाणी धुरासोबत मागून बाहेर पडतं. ओढणाऱ्या पंपात इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक असतं, पण आपल्या विहिरीवरच्या मोटारीसारखा बिडाचा नाही, रबराचा. कोरडा फिरला की काही मिनिटांत पाती तुटतात. झाकण उघडलं तर सहातली दोन गायब. नवा इम्पेलर जवळ होता, तो लगेच बसला. पण तुटलेले तुकडे पुढे नळीत जाऊन बसतात, ते काढले नाहीत तर पाणी पुन्हा अडतं. एक हाताला लागला. दुसरा आईनं बॅगेत कोंबलेल्या काटे काढायच्या चिमट्यानं निघाला.

दाभोळच्या अलीकडे इंजिन गचके खात बंद पडलं. लाटांनी टाकीचा तळ ढवळला होता, फिल्टरमध्ये पाणी आणि काळा चिकट गाळ. फिल्टर बदलला, आता डिझेलच्या नळीतली हवा काढायची. बाकीचे माहितीपुस्तक शोधत होते, तेवढ्यात मी बोल्ट ढिला करून हातपंप मारला. बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं तसा आवळला. ट्रॅक्टरची हवा तुम्ही मला शाळेत असतानाच काढायला लावायचात, आणि काकू म्हणायच्या, पोरीला कशाला असली कामं!

शेवटी तुटक्या जाळ्याचा तुकडा बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात गुंतला आणि मच्छीमारांनी आम्हाला ओढत जयगडच्या खाडीत आणलं. त्यांच्या तांडेलानं, म्हणजे होडीच्या म्होरक्यानं, पैसे घेतले नाहीत, वर बांगडे दिले. (अण्णा, माळकऱ्यांनी हे वाक्य वाचलं नाही असं समजावं.)

आई, तू विचारलंस, असली मोडकी बोट घेऊन जायचंच कशाला? अगं, इंजिन गेलं तरी शिडं होती, नांगर होता, वायरलेस होता, अंगात जाकीट होतं, किनारा डोळ्यांसमोर होता. आणि अण्णा, तुम्ही? थ्री फेज रात्रीची येते म्हणून दोन वाजता बॅटरी घेऊन एकटे विहिरीवर जाता, हरभऱ्याच्या वाफ्यातून ओल्या पायांनी येऊन स्टार्टरचं बटण दाबता. पेटीला आर्थिंग नाही, झाकण तारेनं बांधलेलं. मी भर समुद्रात असताना मला घोर त्या पेटीचा होता. काळजीच करायची तर दोघांनी एकाच मापानं करू.

तर मोबाईलवर चालणारा स्टार्टर घेऊन ठेवलाय. लाइट आली की फोन येतो, अंथरुणातूनच मोटार चालू करता येते. दादा पुढच्या आठवड्यात आणेल. वायरमनला त्याच दिवशी बोलवा, आर्थिंगचा खड्डाही उरकून घ्या. कोळसा आणि जाडं मीठ तो सांगेल तेवढं आणून ठेवा. पैशांचं विचारू नका.

आमचा एक सुटा भाग पुण्याहून यायचाय. आला की विजयदुर्गाकडे निघू.

तुमची लेक